'प्रिन्सेस तुतू': सात महिने, दोन पारायणं आणि एक कावळी

आधीच सांगते, पुढे या जपानी ॲनिमेशन मालिकेचा शेवट उघड केला आहे. कोऱ्या मनाने बघायची इच्छा असेल त्यांनी आधी सव्वीसही भाग बघावेत आणि मग हे वाचावं.

डिस्कचा संच हातात आला आषाढात. बघणाऱ्या आम्ही दोघी, मी आणि माझी अकरा वर्षांची लेक. शनिवारी जेवणं उरकली की एक भाग, रविवारी एक. पहिलं पारायण दिवाळीच्या तोंडावर संपलं. दिवाळीचे पाहुणे गेल्यावर लेकीनेच दुसरं सुरू करायला लावलं आणि ते मागच्या आठवड्यात संपलं. एकदा बघून लिहिलं असतं तर वेगळंच लिहिलं असतं, म्हणून इतके दिवस थांबले.

संचाबद्दल थोडक्यात. चित्र स्वच्छ, आवाज उत्तम. इथे आवाज उत्तम असायलाच हवा, कारण मालिका चायकोव्हस्की आणि इतर जुन्या पाश्चात्त्य संगीतकारांच्या रचनांवर उभी आहे. संवाद जपानीत ठेवले, खाली इंग्रजी सबटायटल. पहिल्या वेळी मी मराठीत वाचून सांगत होते, दुसऱ्या वेळी लेक स्वतः वाचत होती. तिसरी डिस्क मात्र मधोमध अडकायची आणि अडकली तीही नेमकी तेराव्या भागाच्या आधी. विक्रेत्याला चार वेळा लिहिल्यावर महिन्याभराने बदलून मिळाली. त्या महिन्यात घरात दुसरा विषय नव्हता.

मालिका २००२ साली जपानमध्ये सुरू झाली आणि २००३ मध्ये संपली. मूळ कल्पना इकुको इतो यांची, मुख्य दिग्दर्शक जुनिची सातो. दोघंही आधी 'सेलर मून'मध्ये काम केलेले, म्हणजे जादूच्या मुलींच्या मालिका कशा बेततात हे त्यांना आतून ठाऊक. अशा मालिकांत सहसा मुलगी रूप पालटते, जादूचा मारा करते आणि राक्षस पडतो. तुतू कुणावर मारा करत नाही. समोरचा कितीही चिडलेला असो, ती डोक्यावर दोन्ही हात एकमेकांभोवती फिरवते, हात पुढे करते आणि म्हणते, चल, माझ्याबरोबर नाच. बॅलेत हातांच्या त्या खुणेचा अर्थच 'नाच' असा आहे. लेक कथक शिकते, मीही लहानपणी आठ वर्षं शिकले. त्यामुळे हाताच्या एका हालचालीत अख्खं वाक्य असतं हे आम्हाला कुणी समजावून द्यावं लागलं नाही.

गोष्ट अशी. ड्रॉसेलमायर नावाचा एक लेखक होता, तो लिहील ते खरं व्हायचं. धास्तावलेल्या लोकांनी त्याचे हात तोडले आणि राजपुत्र आणि महाकावळा यांची त्याची शेवटची गोष्ट अर्धीच राहिली. दोघंही पानांतून निसटून गावात आले. कावळ्याला कोंडण्यासाठी राजपुत्राने स्वतःचं काळीज फोडलं, तुकडे चहूकडे विखुरले. आता हा राजपुत्र, म्यूतो, बॅलेच्या शाळेत राहतो. देखणा आहे, आत काहीच नाही. तळ्यातलं एक बदक त्याला बघून कळवळतं. मेलेला तरी गोष्ट न सोडणारा ड्रॉसेलमायर त्या बदकाला मुलगी करतो आणि लाल लोलक देतो. तिचं नाव आहिरु, जपानीत त्याचा अर्थच बदक. लोलकाच्या बळावर ती राजकन्या तुतू होते आणि काळजाचे तुकडे गोळा करून म्यूतोला परत देते. हर्ष परत येतो तसं एकटेपणही येतं, भीतीही येते.

आणि रू. शाळेतली सगळ्यात चांगली नर्तिका, म्यूतोची जोडीदारीण, सगळ्या मुली जिच्याकडे मान वर करून बघतात ती. पुढे कळतं की तीच क्रेहे आहे, महाकावळ्याची मुलगी. जर्मन भाषेत क्रेहे म्हणजे कावळा. तुतू पांढरी, क्रेहे काळी. तुतू तुकडे परत देते, क्रेहे आड येते. पहिल्या पारायणात आम्ही दोघींनी हे एवढंच पाहिलं. लेकीने तर रूच्या नावाने बोटंच मोडली होती.

दुसऱ्या पारायणात सुरुवातीच्याच एका भागाने मला हलवलं. वर्गात एक मुंगीखाऊ मुलगी येते (या गावात काही प्राणी माणसांसारखेच वावरतात, गुरुजी तर चक्क बोका आहेत) आणि म्यूतोच्या जोडीची जागा मागते. नाच दाखवून निकाल लावायचं ठरतं. रू स्वतःसाठी जोडीदार निवडते ती वर्गातली सगळ्यात कच्ची विद्यार्थिनी, आहिरु. जिचे पाय एकमेकांत अडकतात ती आहिरु त्या दिवशी फुलासारखी उमलते, कारण रू तिला सावरते, तोल द्यायचा तिथे देते, मागे राहायचं तिथे मागे राहते. पहिल्यांदा मला वाटलं होतं, रू किती कुशल आहे हे दाखवायचा हा प्रसंग. आता कळलं की पुढे ज्या दोघी समोरासमोर उभ्या राहणार, त्यांचा पहिला नाच एकत्र झालेला आहे, आणि तो सुंदर झालेला आहे. आहिरु तिला तेव्हापासून 'रू-चान' म्हणते. चान म्हणजे आपलं लाडाने हाक मारणं. समोर काळे पंख पसरलेले असतानाही ती हाक बदलत नाही.

मग धागे एकापाठोपाठ एक हाताला लागत गेले. आहिरु बदक आहे, माणसाच्या रूपात आहे, आणि एक दिवस पुन्हा बदक व्हावं लागेल ही तिची भीती. तोंडून 'क्वॅक' निघालं की ती तिथल्या तिथे बदक होते, अंगावर पाणी पडलं की परत मुलगी. रूचं बरोब्बर उलट. ती माणूस आहे, तान्ही असताना कावळ्यांनी पळवलेली, महाकावळ्याचं रक्त पाजून वाढवलेली. पण महाकावळ्याने तिला सांगितलेलं असतं की तू कावळी आहेस, दुर्दैवाने माणसाच्या कुरूप देहात जन्मलीस, म्हणून तुझ्यावर प्रेम करील तर फक्त मी, नाहीतर सगळ्यांवर प्रेम करणारा तो राजपुत्र. लहान मुलीला रोज हे ऐकवलं तर काय होईल, याचं उत्तर म्हणजे क्रेहे. ती दुष्ट जन्मलेली नाही. तिला नकोशी म्हणून वाढवलंय, आणि नकोशी हा शब्द आपल्याकडे मुलींचं नाव म्हणून ठेवलेला आहे. हे लिहितानाही माझा हात जड होतो.

आरशातली प्रतिमा डावी-उजवी उलटी असते, तशी या दोघींची प्रेमाची बाजू उलटी आहे. तुतूला शाप आहे, राजपुत्राला 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' म्हणाली तर ती प्रकाशाचा कण होऊन विरून जाईल. म्हणून तिचं प्रेम सगळं हातापायांत उतरतं. रूवर असा कुठलाच शाप नाही. ती दिवसातून दहा वेळा म्यूतोला विचारते, माझ्यावर प्रेम आहे ना, म्हण. काळीज नसलेला म्यूतो सांगितलं म्हणून म्हणतोही. एकीला बोलता येत नाही आणि एकीला बोलूनही काही मिळत नाही.

'स्वान लेक' माहीत असणाऱ्यांना हा आराखडा ओळखीचा वाटेल. हे बॅले १८७७ साली मॉस्कोत पहिल्यांदा झालं. १८९५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला पेतिपा आणि इवानोव यांनी ते नव्याने बसवलं, तेव्हा पांढरी हंसिनी ओडेट आणि तिचं रूप घेऊन येणारी ओडिल, दोन्ही भूमिका पिएरिना लेन्यानी या एकाच नर्तिकेने केल्या. आजही बहुतेक ठिकाणी तसंच करतात. कथकच्या गतभावात, म्हणजे एकटीने सगळी पात्रं साकारत गोष्ट सांगताना, आपण हेच करतो. पलटा घेतला, म्हणजे वळलं, की राधेचा कृष्ण होतो, वेश तोच, घुंगरू तेच. माझ्या बाई सांगायच्या, पलटा घेताना आधीची व्यक्ती पुसू नका, तिला पाठीशी राहू द्या. तुतू आणि क्रेहेला बघताना मला ते सतत आठवत राहिलं, जणू एकाच नर्तिकेने पलटा घेतलाय आणि दुसरी पाठीशी उभी आहे.

तेराव्या भागाबद्दल वेगळं लिहायलाच हवं. क्रेहेच्या हाती काळजाचा प्रेमाचा तुकडा आहे. ती तुतूला आव्हान देते, खरंच प्रेम असेल तर बोलून दाखव. बोलली तर तुतू संपली, नाही बोलली तर प्रेम खोटं ठरलं. तुतू बोलत नाही. ती जोडीने करायचा नाच एकटीने सुरू करते. जोडनाचात मुलीचा तोल मुलाच्या हातावर असतो. इथे तो हात नाही. जिथे कंबरेला आधार हवा तिथे हवा आहे, तरी ती तिथे झुकते. रिकाम्या जागेकडे बघून हात पुढे करते, जणू तिथे कुणी आहे. थकते, पाय थरथरतात, पुन्हा उभी राहते. आणि शेवटी म्यूतो स्वतःच्या पायांनी चालत त्या रिकाम्या जागेत येऊन उभा राहतो. आम्ही दोघी श्वास धरून बसलो होतो. दुसऱ्या वेळी मी तुतूकडे पाहिलंच नाही, क्रेहेचा चेहरा पाहत राहिले. जे शब्द ती इतके दिवस वदवून घेत होती ते कुणी एकही शब्द न उच्चारता मिळवतं, आणि ते तिच्या डोळ्यांसमोर घडतं.

त्याच तुकड्यात क्रेहेने महाकावळ्याचं रक्त मुरवलेलं असतं. म्हणून उत्तरार्धात म्यूतोच बिघडू लागतो. आरसा आता बाहेर नाही, एकाच देहात आहे, कधी हळवा राजपुत्र, कधी मुलींना 'फक्त माझ्यावर प्रेम कर, बाकी सगळ्यांचा द्वेष कर' म्हणणारा. कल्पना भेदक आहे, पण माझी तक्रारही इथेच आहे. एक मुलगी गाठायची, तिला भुलवायचं, आयत्या वेळी तुतूने यायचं, हे तीन-चार भागांत जवळजवळ त्याच क्रमाने येतं. पहिल्या वेळी लेक कंटाळून चित्र काढत बसली होती. खुद्द महाकावळाही मला उणा वाटला. तो भूक आहे, बाकी काही नाही. बाकी प्रत्येकाला दुसरी बाजू असताना त्यालाच नसावी, हे खटकलं.

म्यूतोचा शाळेतला सोबती फाकिर, त्याचं मात्र उत्तरार्धात सोनं होतं. सुरुवातीला तोच खलनायक वाटतो. म्यूतोवर डाफरतो, त्याला कोंडून ठेवतो. पुढे कळतं, काळीज परत आलं की हा पुन्हा स्वतःला फोडून घेईल, या भीतीने तो तसं वागतोय. तो ड्रॉसेलमायरचा वंशज निघतो, त्यालाही लिहिलं की खरं होतं. लहानपणी त्याने लिहिलेल्या एका गोष्टीपायी त्याचे आईवडील गेलेत, म्हणून त्याने लेखणी टाकलेली. ड्रॉसेलमायरला पात्रांनी रडावं असं वाटतं, त्याशिवाय गोष्ट रंगत नाही. फाकिर शेवटी लेखणी उचलतो ती आहिरुसाठी, आणि ती काय करेल हे न ठरवता तिच्या मागोमाग लिहीत जातो.

शेवटी रू राजपुत्राच्या जागी स्वतःला महाकावळ्यापुढे ठेवते. आयुष्यात पहिल्यांदा ती कुणाकडे काही मागत नाही. आहिरुचा लोलक हाच काळजाचा शेवटचा तुकडा असतो. तो दिला की ती कायमची बदक, आणि ती देते. गावातली माणसं कावळे झालेली असताना ते एवढंसं बदक त्यांच्या मधोमध नाचतं, चोचींचे घाव खातं, पडतं, पुन्हा पंख उचलतं. म्यूतो कावळ्याच्या पोटातून रूला सोडवतो आणि तिलाच आपली राजकन्या करतो. जिला कावळी म्हणून वाढवलं ती राजकन्या झाली, जी राजकन्या होती ती तळ्यावर परतली.

मराठी घरात वाढलेल्या प्रत्येकाला तळ्यातल्या त्या कुरूप पिल्लाचं गाणं पाठ असतं, आणि आपण सगळे ते राजहंसाच्या ओढीने ऐकतो. इथे राजहंस निघत नाही. पहिल्या वेळी लेक हुंदके देऊन रडली, हे चुकीचं आहे म्हणाली, रात्री माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या वेळी शेवटचं दृश्य आलं, तळ्याकाठी फाकिर लिहीत बसलाय, पाण्यावर बदक आहे. तेव्हा ती म्हणाली, "आई, तो तिच्याशेजारीच बसलाय." मग थोड्या वेळाने, "आणि रूला आता दार उघडलं." लहानपणी चिऊताईच्या दारात भिजत उभ्या राहिलेल्या काऊची गोष्ट ऐकताना ती दर वेळी विचारायची, चिऊ दार का उघडत नाही. मला तेव्हा उत्तर देता आलं नव्हतं.

दहा वर्षांच्या पुढच्या मुलांना ही मालिका नक्की दाखवा, पण शेजारी बसून दाखवा. उत्तरार्धातले काही प्रसंग अंगावर येतात. रोज चार-चार भाग बघू नका. पहिल्यांदा तुतूकडे बघा, दुसऱ्यांदा रूकडे.

संच सध्या माझ्या बहिणीकडे आहे. भाचीने पाच भाग पाहिलेत आणि काल फोनवर सांगत होती की तिला सगळ्यात जास्त रू आवडते. लेकीने माझा हात घट्ट धरला आणि फोनवर एवढंच म्हणाली, "हो, मलाही."