लिस्बनमधील अडीच दिवस: सीमाभागातील प्रवाशांसाठी एक परीक्षण

बेळगावातील एका प्रवासी कंपनीबरोबर गेल्या ऑक्टोबरमध्ये आम्ही स्पेन आणि पोर्तुगालची सहल केली. हे परीक्षण मात्र मी लिस्बनपुरतेच लिहीत आहे. चोर्ला घाट उतरून गोव्याला जाणे आपल्याकडे नेहमीचेच असते आणि जुन्या गोव्यातील चर्च व व्हाइसरॉयची कमान आपण शाळेच्या सहलीपासून पाहत आलेलो असतो. ज्या शहरातून हे सारे तिकडे आले ते शहर कसे आहे, ही उत्सुकता घेऊन मी गेलो होतो आणि ती पुरी झाली. ती पुरी होण्यात कंपनीचा वाटा कमी आणि तिथल्या स्थानिक मार्गदर्शक बाईंचा वाटा अधिक होता, हे सुरुवातीलाच नोंदवतो.

कंपनीच्या छापील कार्यक्रमात बेलेम हा भाग सोमवारी ठेवलेला होता. त्या भागातील जेरोनिमुस मठ सोमवारी बंद असतो. माणशी एवढे पैसे घेणाऱ्या आयोजकांनी ही साधी गोष्ट आधी पाहायला हवी होती. मार्गदर्शक बाईंनी आदल्या रात्री हे लक्षात आणून दिले आणि सोमवार व मंगळवारचा कार्यक्रम आपसांत बदलून घेतला. तसे झाले नसते, तर लिस्बनमधील सर्वांत मोठे स्थळ आम्ही बंद दरवाजाबाहेरून पाहून परतलो असतो.

या मठाचे बांधकाम सोळाव्या शतकाच्या आरंभी राजा मानुएल याच्या काळात सुरू झाले. भारताच्या सागरी मार्गाने होणाऱ्या व्यापारातून जी संपत्ती आली, तिच्यावरील कराचा मोठा वाटा या कामाला लागला. त्यामुळे इथल्या दगडावर जहाजाचे दोर, समुद्री वनस्पती आणि नौकानयनाची गोलयंत्रे कोरलेली दिसतात. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्तीचे छत ज्यांनी मान वर करून निरखले आहे, त्यांना इथले दुमजली आवार पाहताना त्या छताची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. तिथे काळ्या दगडात कमळ उमलले आहे आणि इथे फिकट चुनखडीत समुद्र उतरला आहे, पण दोन्हीकडे कारागिराने दगडाला दगडासारखे वागवलेले नाही. चर्चमध्ये प्रवेश करताच एका बाजूला वास्को द गामाची आणि दुसऱ्या बाजूला कवी कामोंइश याची समाधी आहे. वास्को १५२४ साली कोचीत वारला आणि प्रथम तिथेच त्याला पुरले होते. पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेण्यात आले आणि १८८० साली ते या चर्चमध्ये आणले गेले. गोव्यात ज्याच्या नावाचे गाव आणि रेल्वे स्थानक आहे, त्या माणसासमोर उभे राहताना मनात आदर आणि राग दोन्ही एकदम आले. मलबारच्या किनाऱ्यावर त्याने केलेली क्रूर कृत्येही इतिहासात नोंदलेली आहेत. कंपनीने मठासाठी पाऊण तास दिला होता. इथे किमान दोन तास हवेत.

मठापासून नदीकाठाने चालत गेल्यावर बेलेमचा बुरूज येतो. बहुतेक प्रवासी तिथे छायाचित्र काढून परत फिरतात, म्हणून पुढचा तपशील मुद्दाम देतो. बुरुजाच्या एका कोपऱ्यातील टेहळणीच्या गोल मनोऱ्याखाली गेंड्याचे डोके कोरलेले आहे. वाऱ्यापावसाने ते झिजले आहे, पण दाखवले की ओळखू येते. गुजरातच्या सुलतानाने भारतातील पोर्तुगीज गव्हर्नर आफोंसो द आल्बुकेर्क याला भेट दिलेला एक गेंडा १५१५ च्या जानेवारीत जहाजाने रवाना झाला आणि मे महिन्यात लिस्बनला पोहोचला. युरोपात शतकानुशतके कोणी जिवंत गेंडा पाहिलेला नव्हता. तिथल्या लोकांनी त्याचे नाव आपल्याच भाषांतील शब्दावरून ‘गंडा’ असे लिहून ठेवले. पुढे पोपला भेट म्हणून पाठवताना इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडाले आणि तो साखळदंडासकट बुडून मेला. साखळीला बांधलेल्या त्या मुक्या जनावराची गोष्ट ऐकून आमच्या गटातील सगळेच काही वेळ गप्प झाले होते.

सोमवारी आम्ही जुन्या शहरात फिरलो होतो. तिथे प्रत्येक ठिकाणी १ नोव्हेंबर १७५५ ही तारीख समोर येते. त्या दिवशी सकाळी संतांच्या सणाला चर्च भरलेली असताना मोठा भूकंप झाला, नंतर नदीतून समुद्राच्या लाटा शहरात शिरल्या आणि उरलेले आगीने नेले. खालचे शहर पुढे राजाचा मंत्री मार्केस द पोंबाल याने सरळ रस्त्यांचे आखून बांधवले आणि नव्या घरांच्या भिंतींत भूकंपाला तोंड देण्यासाठी लाकडी सांगाडा घातला. नदीकाठचा कोमेर्सियो चौक आज मोकळा दिसतो, पण तिथे पूर्वी राजवाडा होता. लोक अजूनही त्या चौकाला राजवाड्याचे अंगण अशा अर्थाच्या जुन्या नावाने ओळखतात.

आल्फामा ही टेकडीवरची जुनी वस्ती बरीचशी भूकंपातून वाचली. तिचे नाव अरबी आहे आणि तिथले बोळ पायीच पाहावेत. २८ क्रमांकाची पिवळी ट्राम प्रसिद्ध आहे, परंतु तिची गर्दी आणि खिसेकापूंची धास्ती पाहता मी तिची शिफारस वयस्कर मंडळींना करणार नाही. चढ मोठे आहेत आणि फरसबंदीचे लहान पांढरे दगड झिजून गुळगुळीत झालेले असल्याने चांगल्या पकडीचे बूट न्यावेत. सेंट जॉर्जच्या किल्ल्यावरून नदीचे दृश्य सुंदर दिसते, मात्र तटबंदीचा पुष्कळसा भाग विसाव्या शतकात पुन्हा उभारलेला आहे. वेळ कमी असेल तर किल्ला सोडावा.

कार्मोचा मठ मात्र सोडू नये. १७५५ साली त्याच्या चर्चचे छत कोसळले आणि नंतर ते पुन्हा घातलेच नाही. आता उघड्या आभाळाखाली नुसत्या कमानी उभ्या आहेत. याच मठासमोरच्या चौकात २५ एप्रिल १९७४ रोजी तिथली हुकूमशाही संपली, कारण शेजारच्या छावणीत पंतप्रधान काएतानो याने शरणागती पत्करली. त्यानंतर आलेल्या सरकारने त्याच वर्षाच्या अखेरीस गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व करार करून मान्य केले. आमच्याबरोबर माझे सासरे होते, ज्यांना आम्ही मामा म्हणतो. गोवामुक्तीच्या वेळी सैन्याची जमवाजमव बेळगावात झाली तेव्हा ते अकरा वर्षांचे होते आणि रस्त्यावरून जाणाऱ्या लष्करी गाड्या त्यांनी खानापुरात उभे राहून पाहिल्या होत्या. त्यांनी हे सांगितल्यावर मार्गदर्शक बाई बराच वेळ त्यांच्याशी बोलत राहिल्या. कार्यक्रमातील पुढचा तास खरेदीसाठी राखलेला होता; तो आम्ही गटाच्या संमतीने या चौकातच घालवला.

जेवणाबाबत थोडेच लिहितो. शाकाहारी माणसांची सोय बेताची होती, पण बेलेममधील १८३७ पासूनच्या दुकानातील अंड्याच्या सायीची गरम पेस्ट्री ज्यांना चालते त्यांनी जरूर खावी. खमंग भाजलेल्या दुधाची जी चव आपल्याला कुंद्यात आवडते, तिच्या जवळपासची ती चव आहे. बिल हातात आले तेव्हा एकूण रकमेपुढे ‘पगार’ हा शब्द पाहून आम्हाला नवल वाटले. देणे या अर्थाचा त्यांचा शब्द आपल्याकडे महिन्याच्या वेतनाला चिकटून राहिला आहे.

शेवटच्या अर्ध्या दिवसात कंपनीचा काहीच कार्यक्रम नव्हता. बाईंच्या सांगण्यावरून आम्ही स्वखर्चाने फरशी संग्रहालय पाहिले. अझुलेझु म्हणजे चित्रांकित झिलईदार फरश्यांचे हे संग्रहालय १५०९ साली स्थापन झालेल्या एका मठात आहे. जाण्यापूर्वी ते दुरुस्तीसाठी बंद नाही ना, याची खात्री करावी. तिथे सुमारे १७०० सालचा, २३ मीटर लांबीचा निळ्यापांढऱ्या फरश्यांचा एक पट आहे आणि त्यावर भूकंपापूर्वीचे संपूर्ण लिस्बन नदीच्या बाजूने रेखाटलेले आहे. मामांनी चष्मा पुसून त्यावर आधी राजवाडा शोधला आणि मग कार्मोचे चर्च. त्या चित्रात त्याच्यावर छत आहे.