विश्वासघातानंतर बोलावे कोणाशी: त्या व्यक्तीच्या जोडीदाराशी की आधारगटाशी?

जोडीदाराचे विवाहबाह्य संबंध उघडकीस आल्यावर फसवल्या गेलेल्या माणसापुढे बोलण्याच्या दोन वाटा असतात: ज्या व्यक्तीशी ते संबंध होते तिच्या पतीला किंवा पत्नीला गाठणे, अथवा अशाच प्रसंगातून गेलेल्या अनोळखी माणसांच्या आधारगटात जाणे. दोन्हीकडे समदुःखीच भेटतात, हे खरे. पण पहिल्या वाटेने मुख्यतः माहिती मिळते आणि दुसरीने आधार.

थेट संपर्काचा खरा उपयोग ताळा जुळवण्यासाठी आहे. तारखा, दौऱ्यांची कारणे, लपवलेले खर्च आणि ‘आता सगळे संपले’ हा दावा दोन्ही घरांतली माहिती एकत्र आल्याशिवाय नीट पडताळता येत नाही. शिवाय लैंगिक आजारांची तपासणी करून घ्यायची असेल, तर त्या जोडीदारालाही हे वेळेत कळायला हवे. मात्र त्या घरात मारहाणीची शक्यता असेल, तर जाणत्या समुपदेशकाशी बोलल्याखेरीज संपर्क साधू नये. समोरच्याला संसार टिकवायचा असेल आणि तुम्हाला वेगळे व्हायचे असेल, तर तुमचे बोलणे त्या घरातून फिरून तुमच्याच जोडीदाराच्या कानी जाऊ शकते.

दुसरा धोका सहसा कोणी बोलून दाखवत नाही, तो म्हणजे हे दोघेच एकमेकांकडे ओढले जाण्याचा. मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड डटन आणि आर्थर ॲरन यांच्या १९७४ च्या प्रयोगात उंच, झुलत्या पुलावर भेटलेल्या तरुणीला नंतर फोन करणाऱ्या पुरुषांचे प्रमाण स्थिर पुलावरच्या पुरुषांपेक्षा जास्त आढळले. भीतीने वाढलेली धडधड आकर्षण म्हणून जाणवते, असा अर्थ संशोधकांनी लावला. त्या अर्थाबद्दल मतभेद असले, तरी सूड, अपमान आणि जागरण यांच्या भरात जुळलेल्या जवळिकीवर लगेच विश्वास ठेवू नये.

आधारगटात कोणाचाही तुमच्या निर्णयात स्वार्थ नसतो, आणि झोप उडणे किंवा तीच दृश्ये पुन्हापुन्हा डोळ्यांपुढे येणे हे वेडेपण नव्हे, हे तिथे अनुभवी माणसांकडून कळते. ज्या गटात प्रत्येकाला ‘सोडून दे’ हाच सल्ला मिळतो, तो गट मात्र टाळावा.

माझ्या मते आधी गट किंवा समुपदेशक, आणि मन थोडे स्थिरावल्यावर, प्रश्न लिहून घेऊन, त्या जोडीदाराशी एकच मर्यादित संभाषण, हा क्रम बरा. त्यानंतरचा संपर्क, संबंध पुन्हा सुरू झाल्याचे कळल्यास एकमेकांना कळवायचे, एवढ्याच करारापुरता ठेवावा.