मार्केट यार्डाजवळची विजयदुर्गच्या काकूंची खानावळ

मी सांगलीच्या हळद पेठेत दिवाणजी. जुलैत एकदा डबा घरी राहिला, तेव्हा एका हमालमामांनी इथं आणलं. चार बाकं, बाहेर पाटी नाही, भिंतीवर किल्ल्याचा फोटो. बसल्या बसल्या काकू म्हणाल्या, "आज ताजो मासो नाय. सोडे खावा, नायतर नारळी पुनवेनंतर येवा." सोडे म्हणजे सुकवलेली कोळंबी.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ताजा म्हणून काहीही खपवता येतं, घाटावर कोण विचारतंय? काकू तसं करत नाहीत, म्हणून मी पुन्हा तिथं गेलो. सोड्यांची आमटी, कोकमाचा आंबटपणा आणि उकड्या तांदळाचा भात. भात मात्र निवलेला होता आणि वाढायला वेळ लागला, हेही सांगायला हवं.

ऑगस्टात बांगडा खाल्ला. ओल्या खोबऱ्याचं वाटण, ठेचून टाकलेली तिरफळं, म्हणजे मसाल्याची वासाची छोटी फळं. तिरफळ चावायचं नाही, ताटाच्या कडेला काढायचं, हे मला काकूंनीच शिकवलं. असा वास आमच्या कुठल्याच रश्श्याला नसतो.

काकूंचं माहेर विजयदुर्गाजवळचं गिर्ये. आंग्र्यांची गोदी तिथलीच, वाघोटन खाडीतली. विजयदुर्गाला तीन बाजूंनी पाणी. १७५६ साली पेशव्यांनी इंग्रजांना सोबत घेऊन तुळाजी आंग्र्यांवर चाल केली आणि बंदरातलं आरमार जळून गेलं. शाळेत हे एका ओळीत उरकलं होतं. काकू भाकरी थापता थापता सांगतात, तेव्हा कालच घरातलं काही जळाल्यासारखं वाटतं, आणि माझा घास हातातच राहतो.

त्यांचे सासरे मुंबईच्या बोटीनं गिरणीत गेले. पुढं बोट बंद पडली. आता वाडीतली निम्मी घरं कुलपात, गणपतीला आणि शिमग्याला उघडतात. धाकटा दीर अजून होडी घालतो. त्याचाच मासा तळेरे, वैभववाडी, करूळ घाट, गगनबावडा करत रात्रीच्या गाडीनं इथं येतो. वादळी वारं असलं की होडी जात नाही आणि त्या दिवशी इथं फक्त सोडे किंवा सुका बांगडा.

बांगडा थाळी १८० रुपये, सोलकढी त्यातच. साडेबाराच्या आत जा. एक वाजता मी गेलो, तेव्हा कढई घासायला पडली होती.