खाऱ्या वाऱ्यातलं घर: सिलिका फ्यूम की स्लॅग सिमेंट?

देवगडकडे समुद्रापासून पाच मिनिटांवर गावचं घर नव्याने बांधलं, तेव्हा दोन्ही वापरून झालं. जुन्या घराचा छज्जा साध्या ओपीसीचा (काही न मिसळलेलं सिमेंट), सळया गंजून फुगल्या आणि काँक्रीटची अख्खी खपली तुळशीशेजारी पडली, तेव्हाच ठरवलं की या वेळी मीठ आत शिरू द्यायचं नाही. पीपीसी (कोळशाची राख मिसळलेलं सिमेंट) वाईट नाही, पण त्यात ती राख म्हणजे फ्लाय अ‍ॅश 35 टक्क्यांपर्यंतच आणि पीएससीत, म्हणजे स्लॅग सिमेंटमध्ये, स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) 70 टक्क्यांपर्यंत चालतो, त्यामुळे माझ्यापुरता प्रश्न सिलिका फ्यूम की स्लॅग एवढाच उरला.

कागदावर सिलिका फ्यूमच (सिमेंटसोबत मिसळायची सिलिकाची पावडर) भारी. सिमेंटपेक्षा शंभरेक पट बारीक, 50 किलोच्या गोणीमागे 4 किलो टाकलं तरी बारीक छिद्रं बुजतात. मागच्या पडवीचा स्लॅब त्यातच भरला. मिक्सरमध्ये ओतताना पावडर वाऱ्यावर उडते, ते मास्क लावून निभावलं, पण माल थापीला चिकटतो, वर पाणी येतच नाही म्हणून वरचा थर पटकन सुकतो, आणि आमच्याकडे दुपारी समुद्रावरून वारा सुटला की गवंडी एक टोक फिनिश करेपर्यंत दुसऱ्या टोकाला केसासारख्या भेगा. ताडपत्री टाकली, बारीक पाणी फवारलं, तरी चार-पाच राहिल्याच. माल कितीही घट्ट असू दे, भेग खोल गेली तर खारं पाणी थेट सळईपर्यंत, मग एवढा खर्च केला कशाला? माझं मन तिथेच उडालं.

पुढची गॅलरी आणि छज्जा पीएससीत केला. गोणी फोडायची आणि वापरायची, वेगळं काही मोजायचं नाही, माल छान पसरला, भेगा मला तरी दिसल्या नाहीत. शिवाय स्लॅग छिद्रं तर बुजवतोच, मिठातला क्लोराइडही थोडा धरून ठेवतो. ताकद मात्र हळू येते, शटरिंग काढायची घाई नको आणि 14 दिवस पाणी हवंच, मे महिन्यात विहीर तळाला गेली तेव्हा आम्ही टँकर मागवून गोणपाटं भिजवली. फळ्या काढल्यावर काँक्रीट हिरवट-निळं दिसलं, घरचे घाबरले, पण ते स्लॅगमधल्या गंधकामुळे होतं, हवा लागली की काही दिवसांत जातं.

तुमचा माल तयार काँक्रीटच्या प्लँटमधून येणार असेल आणि हाताखाली तयार माणसं असतील तर सिलिका फ्यूम जमेलही, मी नको म्हणत नाही. गावातला ठेकेदार आणि साइटवरचा मिक्सर असेल तर मी पीएससीच घेईन. कव्हर (सळईबाहेरचा काँक्रीटचा थर) मात्र कशातही 45 मिमी ठेवा, आमच्याकडे सळयांखाली खडीचे तुकडे सरकवले होते, स्लॅब भरायच्या आदल्या संध्याकाळी सगळे काढून तेवढ्या जाडीचे कव्हर ब्लॉक बसवून घेतले.