दुर्मिळ आडनावाचा अहवाल: नकाशा उपयोगी, उगमकथा बेताची

आडनावाचा उगम आणि ते लावणाऱ्यांची देशोदेशीची संख्या एकत्र मांडून देणाऱ्या एका संकेतस्थळाकडून मी एका दुर्मिळ इंग्रजी आडनावाचा सशुल्क अहवाल मागवला. त्यात उगमकथा, देशवार आकडे, नकाशा आणि शेवटी विकत घेता येणारे कुलचिन्ह असे भाग असले, तरी पैसे वसूल होतात ते प्रामुख्याने नकाशामुळेच.

ब्रिटनमधील १८८१ च्या जनगणनेच्या नोंदी व्यक्तिगणिक उपलब्ध असल्याने त्या काळी कोणते आडनाव कोणत्या परगण्यात एकवटले होते, हे दाखवता येते. वाडीवस्तीच्या नावावरून पडलेले आडनाव शतकानुशतके मूळ ठिकाणाच्या आसपासच घुटमळते आणि दुर्मिळ आडनावाच्या बाबतीत हा पुंजका विशेष ठळक दिसतो. अहवालातील नकाशाने तो नेमका टिपला आहे. शोध कुठल्या दप्तरापासून सुरू करावा, एवढे तरी त्यावरून निश्चित कळते.

आकड्यांबाबत मात्र सावध राहावे लागते. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेतून प्रसिद्ध झालेल्या यादीत १,६२,२५३ आडनावे आहेत, पण ती किमान १०० जणांनी लावलेलीच आहेत. त्याहून विरळ आडनावांची संख्या त्या यादीत सापडतच नाही. असे असताना अहवाल देशवार संख्या एककापर्यंत छापतो आणि ती मोजलेली की अंदाजलेली, याचा खुलासा करत नाही. शिवाय एका अक्षराच्या फरकाने लिहिलेली रूपे स्वतंत्र आडनावे म्हणून मोजली गेल्याने मुळात विरळ असलेले आडनाव आणखी विरळ भासते.

उगमकथा सर्वांत कच्ची आहे. हे आडनाव लावणारे सगळे एकाच पूर्वजाचे वंशज असल्याचे तीत ठामपणे म्हटले आहे. हे अशक्य नव्हे: लेस्टर विद्यापीठातील टुरी किंग आणि मार्क जॉब्लिंग यांनी २००९ मध्ये ४० ब्रिटिश आडनावांच्या पुरुषांमधील, पित्याकडून पुत्राकडेच जाणाऱ्या वाय गुणसूत्रांची तुलना प्रसिद्ध केली, तेव्हा आडनाव जितके दुर्मिळ तितके साम्य अधिक, असा सर्वसाधारण कल आढळला, तर ‘स्मिथ’ (लोहार) यासारख्या धंद्यावरून ठिकठिकाणी पडलेल्या आडनावात ते जवळपास नव्हतेच. अडचण अशी की, पडताळ्यासाठी पाहिलेल्या ‘स्मिथ’च्या पानावरही या संकेतस्थळाने तेच वाक्य चिकटवले आहे, त्यामुळे ते कुठे खरे ठरले, तरी तो योगायोगच मानावा लागेल. दुर्मिळतेचे कारण शोधताना तर परदेशगमन आणि युद्ध यांपलीकडे मजकूर जात नाही. वास्तविक, पित्याकडून पुत्राकडे जाणारी आडनावे केवळ संततीच्या चढउतारानेही लुप्त होऊ शकतात, हे फ्रान्सिस गाल्टन आणि हेन्री वॉटसन या ब्रिटिश अभ्यासकांनी १८७४ मध्येच गणिताने मांडले होते.

कुलचिन्ह घेऊच नये. इंग्लंडच्या परंपरेत ते विशिष्ट व्यक्तीला व तिच्या वैध वंशजांना मिळते, आडनावाला नव्हे, असे कुलचिन्हे बहाल करणारी तेथील संस्था ‘कॉलेज ऑफ आर्म्स’ स्पष्ट सांगते. एकाच आडनावाचा सखोल मागोवा घेणाऱ्यांनी नकाशापुरता अहवाल घ्यावा आणि पुढे १९७९ मध्ये स्थापन झालेल्या ‘गिल्ड ऑफ वन-नेम स्टडीज’ या अशाच अभ्यासकांच्या संस्थेकडे त्या आडनावाची नोंद आहे का, ते पाहावे.