दोन हुकांचा फुल बॉडी हार्नेस: परांचीवर उत्तम, पण सुपरवायझरच्या जबाबदारीवर

शॉक ॲब्सॉर्बर (पडताना उलगडून झटका कमी करणारी पट्टी) आणि दुहेरी दोरीचा हार्नेस, म्हणजे अंगभर बांधायचा सुरक्षा पट्टा, परांचीवर खरोखर कामाचा आहे. एक हुक सोडण्याआधी दुसरा अडकवता येतो, त्यामुळे पुढे सरकताना माणूस क्षणभरही मोकळा राहत नाही. नुसता कमरपट्टा स्वस्त पडतो, पण घेऊ नका. पडताना सगळा झटका पोटावर आणि कण्यावर येतो. आयएस ३५२१ या भारतीय मानकाचा शिक्का पाहूनच घ्या.

मर्यादा समजून घ्या. दोरी २ मीटर, उलगडलेला ॲब्सॉर्बर १.७५, पाठीच्या कडीपासून पायांपर्यंत १.५, राखीव १ मीटर. म्हणजे हुकाच्या जागेखाली सव्वासहा मीटर मोकळे हवेत. पहिल्या स्लॅबवर हुक पायाशी अडकवला, तर हार्नेस असूनही माणूस जमिनीवर आदळेल. तिथे आधी कठडा लावा. हुक नेहमी डोक्याच्या वर, तोही पक्क्या ठिकाणी. पाण्याच्या पाइपला कधीच नको.

रोज शिवण, बकल आणि हुकाची स्प्रिंग तपासा. वेल्डिंगच्या ठिणगीने पट्टा जळला असेल किंवा एकदा झटका बसला असेल, तर तो कापूनच टाका, नाहीतर कुणीतरी पुन्हा वापरतो. लटकलेल्या माणसाला काही मिनिटांत खाली आणावे लागते; त्यासाठी शिडी आणि माणसे काम सुरू होण्याआधीच ठरवा.