रात्री एक वाजताची शेवभाजी

मी मालगाडीचा गार्ड. २०२२ पासून कागदावर आम्हाला 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात, पण लॉबीत (ड्युटीची हजेरी लागते त्या ऑफिसात), क्वार्टरमध्ये आणि ज्या दुकानाबद्दल लिहितोय तिथेही मी गार्डसाहेबच. मालगाडीला वेळापत्रक नसतं. दुपारी खंडव्याहून निघालेली गाडी कधी सहाला भुसावळात लागते, कधी बारा वाजले तरी बाहेरच्या सिग्नलला उभी असते. माझ्या वाट्याला येणाऱ्या बहुतेक ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गाडीच्या शेवटच्या गार्डच्या डब्यात, ना दिवा, ना पंखा. मे महिन्यात पत्रा असा तापतो की कठड्याला हात लावता येत नाही, डब्यातली पोळी दुपारी दोनलाच कडक होते. ब्रेथ टेस्ट देऊन, साइन ऑफ करून, म्हणजे ड्युटी संपल्याची नोंद करून, लॉबीबाहेर पडलो की पोटात आग पडलेली असते. बायको चोपड्याजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, मुलगी तिच्यासोबतच राहते. दोघी शनिवारी दुपारी येतात, सोमवारी पहाटेच्या एसटीने जातात. म्हणजे आठवड्यातल्या तीन-चार रात्री तरी मी घरी एकटा, आणि गेली सहा वर्षं त्या रात्रींचं जेवण जवळजवळ एकाच दुकानातून येतं.

जामनेर रोडवरून आत वळणाऱ्या एका गल्लीत दहा बाय पंधराचा गाळा आहे. समोर लोखंडी काउंटर, बाहेर दोन खुर्च्या. त्या थांबणाऱ्यांसाठी. बसून जेवायची सोय नाहीच, सगळं पार्सल. पाटीवर नाव आहे, पण ते कुणी घेत नाही. 'पार्सलवाल्याकडे' म्हटलं की आमच्या भागात कुणालाही कळतं. संध्याकाळी सातला शटर वर जातं, रात्री दोनला शेवटची ऑर्डर. बुधवारी बंद. आत तीनच माणसं: मालक, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, भाकऱ्या थापणाऱ्या मावशी, आणि मोठ्या कढईवर नेपाळहून आलेला एक पोरगा.

मेनूकार्ड आठ पानांचं आहे. एकदा थांबलो असताना मी मोजलं, १८६ पदार्थ. पंजाबी, चायनीज, साउथ, खान्देशी, अंड्याचे प्रकार, पराठे, मॅगी, दहीभात. एवढं लांब मेनूकार्ड पाहिलं की माझ्या आईच्या भाषेत 'बारा गावचं पाणी' वाटतं, आणि पहिल्या महिन्यात मीही शंकेनेच खात होतो. आज सांगू शकतो की त्या १८६ पैकी पंचवीसएक पदार्थ असे आहेत ज्यांच्यासाठी मी पावसातही गाडी काढेन.

पार्सलची भाजी काउंटरवर चाखून काही कळत नाही. ती कळते घरी, पिशवीची गाठ सोडल्यावर. दुकानापासून माझं क्वार्टर गाडीवर बारा मिनिटं, हातपाय धुवून ताट घेईपर्यंत आणखी दहा. त्या बावीस मिनिटांत पदार्थाचं काय होतं, ही माझी कसोटी.

शेवभाजी त्या कसोटीला सोन्यासारखी उतरते, आणि त्याचं कारण भाऊंची एक सवय. ते शेव रश्शात घालून देत नाहीत. रस्सा वेगळा, शेव कागदाच्या पुडीत वेगळी. शेवभाजीतली शेव जाड आणि तिखट असते, पण शेवटी बेसनच. उकळत्या रश्शात पाच मिनिटांत ती फुगते, दहा मिनिटांत तिचा लगदा होतो आणि रस्सा पिठल्यासारखा घट्ट बसतो. बाहेर कित्येक ठिकाणी मी असा लगदा पैसे देऊन आणलाय. इथे घरी येऊन रस्सा पुन्हा एक उकळी येईपर्यंत गरम करायचा, ताटात वाढायचा आणि वरून मूठभर शेव सोडायची. पहिला घास कुरकुरीत, तिसरा मऊ, मधला दुसरा सगळ्यात चांगला. रश्शाचं वाटण भाऊ दुपारी स्वतः करतात. कांदा आणि सुकं खोबरं थेट आचेवर काळं होईपर्यंत भाजलेलं, लसूण भरपूर, मग काळा मसाला. खोबरं कमी भाजलं तर रस्सा गोडसर लागतो, जास्त झालं तर कडवट. सहा वर्षांत मला कडवट रस्सा दोनदाच मिळाला. तर्री वर बोटभर असते. ज्यांना सोसत नाही त्यांनी 'तर्री कमी' असं आधीच सांगावं, भाऊ चमच्याने काढून देतात. फुल प्लेट १३०, हाफ ८०. हाफमध्ये एका माणसाचं पोट भरतं.

सोबत कळण्याची भाकरी घ्या. ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं पीठ, त्यामुळे भाकरी जरा काळपट दिसते आणि साध्या ज्वारीच्या भाकरीपेक्षा जास्त वेळ मऊ राहते. पार्सलसाठी याहून चांगली भाकरी नाही. पण मावशी साडेबाराला घरी जातात, त्यानंतर भाकरी नाही, तंदुरी रोटी मिळते. मी साइन ऑफ होताच फोन करतो तो भाकरीसाठीच. "काय भो, आज लवकर सुटले?" असं भाऊ विचारतात आणि मागे वळून मावशींना "दोन थापून ठेवा" म्हणतात. बारा-दहाला केलेली भाकरी मला एक वाजता मिळते. फडक्यात गुंडाळून, टोपलीत झाकून ठेवलेली.

खिचडीबद्दल वेगळं सांगायलाच हवं. बाहेरगावच्या लोकांना खिचडी म्हणजे आजाऱ्याचं जेवण वाटतं. आमच्याकडे ते रात्रीचं खरं जेवण. तुरीच्या डाळीची, मोकळी, हळद-तिखट-लसणाची, आणि वरून शेंगदाण्याचं कच्चं तेल. भाऊ तेलाची छोटी डबी वेगळी देतात, सोबत भाजलेला पापड आणि कांदा. बावीस मिनिटांत खिचडी थोडी आवळते, पण तेल घालून हाताने कालवली की पुन्हा सुटते. तूप मागू नका, मिळतं, पण ती चव नाही. ८० रुपयांत इतकं समाधान देणारं दुसरं जेवण मला भुसावळात माहीत नाही.

आता त्या लांबलचक मेनूकार्डाकडे येतो. भाऊंना मी एकदा सरळ विचारलं, एवढं कशाला? ते म्हणाले, सुरुवातीला फक्त शेवभाजी, डाळ आणि भाकरी होती. पण भुसावळ जंक्शन आहे. मुंबईकडून येणारी लाइन इथे फुटते, एक खंडवा-इटारसीकडे, एक नागपूरकडे. रेल्वेत बिहारची पोरं आहेत, आंध्रची आहेत, केरळची आहेत. पलीकडे ऑर्डनन्स फॅक्टरी, दीपनगरचं वीज केंद्र, तिथेही बाहेरून आलेली माणसं. ती पोरं रात्री दोनला काउंटरवर उभी राहून विचारायची, भैया, सादा पराठा मिलेगा क्या? भाऊंनी पराठा सुरू केला. आंध्रच्या एका सहाय्यक लोको पायलटने उन्हाळ्यात दहीभात मागितला आणि काउंटरच्या आत येऊन कसा करायचा ते दाखवलं: भात गरम असतानाच चेचायचा, दूध घालायचं, दही नंतर, म्हणजे आंबत नाही. मोहरी, कढीपत्ता, आल्याची फोडणी. तो पोरगा बदली होऊन गेला, दहीभात राहिला. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की मीही शेवभाजी सोडून तोच घेतो. हे कळल्यापासून मला ते कार्ड वेगळंच दिसायला लागलं. घरापासून लांब पडलेल्या कुणीतरी प्रत्येक ओळ मागितलेली आहे.

तरी सगळ्या ओळी सारख्या नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगतो. पनीरचे बावीस प्रकार आहेत. त्यांच्यामागे ग्रेव्ह्या तीनच. टोमॅटोची लाल, काजू-मगजची पांढरी आणि कांद्याची पिवळी. तिन्ही संध्याकाळी पातेलंभर करून ठेवलेल्या असतात, मग मिरची, मलई, कसुरी मेथी बदलून नावं बदलतात. यात फसवणूक नाही, बहुतेक हॉटेलांत असंच चालतं, नाहीतर एका शेगडीवर रात्री एक वाजता बावीस भाज्या कुणी कराव्या? पण तुम्ही दोघं जण दोन वेगळ्या पनीरच्या भाज्या मागवणार असाल, तर एक लाल आणि एक पांढरी मागवा. दोन्ही लाल घेतल्या तर ताटात फरक कळणार नाही. माझी शिफारस साधी डाळ तडका आणि जिरा राइस. पनीर पाव्हण्यांसाठी ठेवा.

चायनीजमध्ये फ्राइड राइस उत्तम. भात दुपारी शिजवून, पसरून गार केलेला असतो, म्हणून दाणा सुटा राहतो आणि पार्सलमध्येही चिकटत नाही. मंचुरियन कोरडं घ्या. ग्रेव्हीतलं मंचुरियन घरी येईपर्यंत भिजून फुटतं, आणि त्याचा उपाय पोराकडेही नाही.

काय घेऊ नये? डोसा. बंद डब्यात वाफ धरते, बावीस मिनिटांत डोशाची घडी ओल्या कागदासारखी होते. बटर नान तसंच, गार झालं की चामडं. बिर्याणी नावाची आहे, ती मसालेभातच आहे. मसालेभात म्हणून खाल्ली तर चांगली लागते.

पॅकिंगवरून माझा आणि भाऊंचा एकदा चांगलाच वाद झाला. भाकऱ्या वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचे, उकळता रस्सा पातळ प्लास्टिकच्या पिशवीत. मी म्हटलं, भाऊ, शाईत शिसं असतं, गरम भाकरीला ती लागते. एफएसएसएआयने, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०१६ सालीच वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ देऊ नका म्हणून सांगितलंय. त्यांना वाटलं मी तक्रार करणार. दोन आठवडे फोनवर फक्त "हो", "नाही". मग एका रात्री भाकऱ्या साध्या कोऱ्या कागदात आल्या. आणखी महिन्याने रस्सा घट्ट झाकणाच्या डब्यात आला आणि बिलात पाच रुपये वाढले. मी म्हटलं, मी स्टीलचा डबा आणतो. आता जो स्वतःचा डबा आणेल त्याला पाच रुपये कमी. काउंटरवर रात्री चार-पाच स्टीलचे डबे रांगेत दिसतात, झाकणांवर नावं लिहिलेली. ते पाहून मला फार बरं वाटतं.

एकच तक्रार अजून शिल्लक आहे. पावणेबारा ते साडेबारा या वेळात गर्दी असते आणि पार्सलं बदलतात. गेल्या वर्षी माझ्या पिशवीत कुणाचं तरी हक्का नूडल्स आलं, आणि माझी शेवभाजी कुणाकडे गेली ते कधीच कळलं नाही. दुसऱ्या दिवशी भाऊंनी पैसे परत दिले, पण रात्रीची भूक परत देता येत नाही. पिशवीवर नाव लिहा असं मी तेव्हापासून सांगतोय. काउंटर सोडण्याआधी गाठ सोडून बघा.

आणि एक रात्र. दोन वर्षांपूर्वी रावेरच्या अलीकडे डबे जोडणारं कपलिंग तुटून गाडीचे दोन भाग झाले. अठ्ठावन्न वाघिणींची, म्हणजे मालडब्यांची, रेक, सहाशे मीटरच्या वर लांब. टॉर्च घेऊन गिट्टीवरून चालत सगळं तपासायचं, मागची गाडी येऊ नये म्हणून बंदोबस्त करायचा, लोको पायलटशी बोलून पुन्हा जोडायचं. भुसावळात आलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. फोन करायचंही सुचलं नव्हतं. गल्लीत सहज वळलो तर शटर अर्धं खाली. भाऊ भांडी घासत होते. माझे बूट आणि हात बघून त्यांनी काही विचारलं नाही, शेगडी पुन्हा पेटवली. खिचडी संपली होती. त्यांनी स्वतःसाठी काढून ठेवलेली होती, तीच गरम करून, तेल घालून ताटलीत दिली आणि बाहेरच्या खुर्चीवर बसवलं. त्या दुकानात बसून जेवलेलो मी तेवढाच एकदा.

थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, कार्डावर नसलेला एक पदार्थ मिळतो: भरीत. हिरवी, मोठी, कमी बियांची जळगावची वांगी, ज्यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती भाऊ असोद्याकडच्या एका शेतकऱ्याकडून आणतात आणि गाळ्यामागच्या मोकळ्या जागेत कपाशीच्या काड्यांवर भाजतात. गॅसवर भाजलेल्या भरताला हा धुराचा वास येत नाही. हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, भरपूर तेल. हे फक्त शनिवारी असतं आणि दुपारी चारच्या आत सांगावं लागतं. मी एक किलो सांगतो. मुलगी पहिल्या पंधरा मिनिटांत कुणाशी बोलत नाही, बायको भाकरी मोडता मोडता तिखट बरोबर आहे का ते सांगते. या शनिवारीही सांगून ठेवलंय, ड्युटी लागली तर दोघी जाऊन आणतील. डबा मात्र मोठा न्यायला सांगितलाय, मागच्या खेपेला झाकण बसलं नव्हतं.